बिल्डरचं स्टेज आणि आपल्यांचा फुकट कार्यक्रम

ताई,

मी २७ वर्षांची आहे, चेंबूरला राहते. दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी आणि उरलेल्या वेळात ढोलकी. आमचा चौघांचा ग्रुप आहे. एक जण लिहितो आणि रॅप करतो, एक गिटार वाजवतो, एक मैत्रीण गाते. गाणी पाडकामावर, गटारात उतरून मेलेल्या कामगारांवर, रात्रपाळी करणाऱ्या बायकांवर. चार वर्षांत जयंत्या, मोर्चे, परिषदा, महिला दिन असे पुष्कळ कार्यक्रम केले, बहुतेक फुकट. ‘चळवळीचं काम आहे’ म्हणून बोलावतात आणि वडापाव, शाल देऊन पाठवतात. स्ट्रीमिंगमधून वर्षाला येतात तेवढ्यात जॅमरूमचे दोन तास होत नाहीत.

आता एका फेस्टिव्हलने चाळीस मिनिटांचे ८०,००० रुपये देऊ केलेत. मुख्य प्रायोजक बिल्डर आहे आणि त्याचीच एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना आमच्या शेजारच्या वस्तीत येऊ घातलीय. आयोजक म्हणाला, “बाकी सगळं गा, फक्त ते पाडकामाचं नको, व्हाइब बिघडतो.” रॅपर हो म्हणतोय. गिटारवाला म्हणतो, गेलात तर मी ग्रुपमध्ये नाही, आपण विकले गेलो. गाणी सगळी रॅपरच्या अकाउंटवरून रिलीज झालीत, त्यामुळे आयोजक बोलतो तेही त्याच्याशीच. वर आईचं चालू आहे, लग्नाचं वय निघून चाललंय, आता ढोलकी बस कर. मी काय करू?

— ढोलकीवाली, चेंबूर

ढोलकीवाली,

आधी उत्तर, मग बाकीचं. गाणं वगळायच्या अटीवर जाऊ नका. त्यांनी अट मागे घेतली तर जायचं की नाही, हे चौघांनी ठरवण्याआधी शेजारच्या वस्तीत जाऊन विचारा. आणि पत्रात ज्या वाक्यावरून तू भरकन पुढे गेलीस ना, ते वडापाव आणि शालीचं, तिथे मला जास्त वेळ थांबायचंय. बिल्डरचे ऐंशी हजार तुम्हाला एवढे मोठे वाटतायत, कारण आपल्या माणसांनी चार वर्षं हातावर काही ठेवलंच नाही.

पण आधी बिल्डर.

एसआरए योजनेत बिल्डरला काय लागतं हे तुझ्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल: पात्र झोपडीधारकांपैकी किमान ५१ टक्के जणांची संमती. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं, तेव्हापासून ही संमती गोळा करायच्या नाना तऱ्हा मुंबईने पाहिल्यात. गणपतीला देणगी, अंडरआर्म क्रिकेटच्या टुर्नामेंटला ट्रॉफ्या, हळदीकुंकवाला स्टीलचे डबे, कमिटीवाल्यांना सहल. आता त्यात गाणं-बजावणं आलं. तुमचे चार चेहरे फ्लेक्सवर, खाली त्याच्या कंपनीचा लोगो, आणि वस्तीच्या मीटिंगमध्ये त्याचा माणूस सांगणार, “तुमच्या शेजारची पोरं आमच्याच स्टेजवर गायली की!” ऐंशी हजार त्याचे आहेत. त्यात एका सहीला हातभार लागला तरी त्याच्या हिशोबात ते वसूल. तुमचं नाव त्याला हवंय, म्हणणं नकोय, म्हणून नेमकं तेच गाणं नको. ‘व्हाइब’चं कारण सांगणाऱ्या आयोजकावर मी फार चिडणार नाही. त्या बिचाऱ्याला वरून यादी आलेली असते.

याचा अर्थ प्रायोजक म्हटला की सोवळं नेसायचं असा नाही. पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि स्वतंत्र बँडना मोठं स्टेज मिळालं, त्याच्या नावाआधी बरीच वर्षं दारूच्या ब्रँडचं नाव होतं. धुतल्या तांदळासारखा पैसा शोधत बसाल तर ढोलकीला बुरशी येईल. बँकेच्या, मोबाइल कंपनीच्या, शीतपेयाच्या पैशावर जरूर गा, गाणी तुमच्या पसंतीची असतील तर. इथला प्रश्न निराळा आहे. गाणं ज्याच्या विरोधात आहे त्याच्याच खिशातून पैसे येतायत आणि गाणं ज्यांचं आहे ती माणसं दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांना न विचारता ते पैसे घ्यायचे नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून जा आणि विचारा. ग्रुपच्या मीटिंगमध्ये रात्री दोनपर्यंत वाद घालण्यापेक्षा एका रविवारी सकाळी पाणी भरायच्या वेळेला तिकडे जा. तुला तिथे एक धक्का बसू शकतो: निम्म्या लोकांना योजना हवी असेल. सार्वजनिक संडासाच्या रांगेत पहाटे पाचला उभ्या राहणाऱ्या बाईला तुमच्या गाण्यातली झोपडी वाचवण्याची भाषा पटेलच असं नाही. तिची भीती वेगळी असते. ट्रान्झिट कॅम्पात, म्हणजे तात्पुरत्या घरात, किती वर्षं? बाहेर राहायचं भाडं बिल्डर वेळेवर देईल की सहा महिन्यांनी हात वर करेल? परिशिष्ट-दोनमध्ये, म्हणजे पात्रतेच्या यादीत, माझं नाव पात्र म्हणून लागलंय का? सासूच्या नावावरचं फोटोपास (झोपडीचं ओळखपत्र) चालेल का? हे ऐकून आलात तर गाण्यात एखादं कडवं बदलेल, आणि बदलावंही. कुणी म्हणालं, “जा आणि तिथेच उभं राहून गा, आमची भाड्याची गोष्ट सांगा,” तर तुमच्याकडे आयोजकाला द्यायला चांगलं उत्तर आहे: येतो, तेच गाणं पहिलं. तो नाही म्हणाला तर प्रश्न मिटला.

हो म्हणालाच, तर तोंडी हो चालणार नाही. गाण्यांची यादी ईमेलवर पाठवा आणि ‘मान्य आहे’ असं उत्तर घ्या. निम्मे पैसे आधी. कार्यक्रम त्यांच्या बाजूने रद्द झाला तर आधीचे पैसे परत नाहीत. शूटिंग झालं तर ते फेस्टिव्हलच्या बातमीपुरतं, बिल्डरच्या जाहिरातीत, ब्रोशरमध्ये, सेल्स ऑफिसच्या टीव्हीवर नाही. कलाकाराला आपल्या सादरीकरणावर कायद्याने हक्क आहे (कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३८ पासून पुढे बघ), तुमच्या संमतीशिवाय ते रेकॉर्ड करून विकता येत नाही. पण आयोजकांच्या करारात बारीक अक्षरात ती संमती आधीच लिहिलेली असते. तो परिच्छेद शोधून खोडा आणि खोडल्याजागी सह्या करा.

आता वडापाव.

महाराष्ट्रात चळवळीचं गाणं कधीच हवेवर जगलेलं नाही. सत्यशोधक जलसे होते, नंतर आंबेडकरी जलसे आले, १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. या सगळ्यामागे संघटना होती, वर्गणी होती, कुणाच्या तरी घरचं जेवण आणि झोपायला जागा होती. आजही १४ एप्रिलच्या आसपास तुझ्याच भागातल्या एखाद्या जयंती मंडळाची गायन पार्टी बघ. महिनाभर आधी सुपारी दिली जाते, मोसमात चांगल्या पार्टीची तारीख मिळत नाही. कार्यक्रमात हार्मोनियमवर दहा-वीसच्या नोटा साचत जातात आणि गायक दोन कडव्यांच्या मध्ये पेटीवरचा हात न काढता सांगतो, “अमुक गल्लीच्या तरुण मित्रांकडून पाचशे एक, मंडळ आभारी आहे,” आणि त्याच श्वासात मुखड्यावर येतो. तुमच्या पिढीला हे जरा ओशाळवाणं वाटतं, हे मी ऐकलंय. मला त्यात काही ओशाळवाणं दिसत नाही. समोरचा नाका कामगार आहे, घरकाम करणारी बाई आहे, रिक्षावाला आहे, आणि तो कलावंताला स्वतःच्या हाताने पैसे देतोय. बिल्डरला त्या व्यवहारात शिरायला फटच नाही.

गंमत अशी की ज्यांच्याकडे देण्यासारखं कमी आहे ते देतात, आणि हॉल बुक करून दोन दिवसांची परिषद भरवणारे शाल देतात. त्या परिषदेचा खर्च कधी बघितलायस? हॉलचं भाडं, मंडप, साउंडवाला, जेवणाचं कंत्राट, फ्लेक्स, पाहुण्यांचं रेल्वेचं तिकीट, सगळ्यांची बिलं लागलेली असतात. मंडपवाल्याकडे कुणी ‘चळवळीचं काम आहे’ म्हणून बांबू फुकट मागत नाही. मागितले तर तो हसेल. तुम्ही हसत नाही, लाजता, म्हणून तुमच्या नावापुढे शून्य असतं.

तर चौघांनी बसून दर ठरवा. लॅबमध्ये तुझा एक दिवस बुडाला तर किती कापतात? तसा चौघांचा दिवस धरा. त्यात रिहर्सलच्या जॅमरूमचं भाडं आणि वाद्यं घेऊन रात्री लोकल मिळत नाही तेव्हाची टॅक्सी घाला. हा तुमचा खालचा आकडा. यापेक्षा कमी म्हणजे तुम्ही स्वतःच्या खिशातून त्यांची परिषद भरवताय. ज्यांच्याकडे पावतीपुस्तक आहे, निधी आहे, देणगीदार आहेत, त्यांना हा आकडा सांगायचा. वर्गणीवर चालणाऱ्या छोट्या मंडळाने कमी देतो म्हटलं तर ऐकून घ्या, पण शून्यावर येऊ नका. पाचशे असू देत, पाकिटात घालून हातात द्यायला सांगा. संप चालू आहे, घरं पाडली जातायत, गटारात माणूस गेलाय आणि त्याची शोकसभा आहे, तिथे पैशाचा विषय काढायचा नाही. उलट स्वतःच्या पैशाने टॅक्सी करून जायचं. नुसत्या ‘उद्घाटनाला एक गाणं होऊन जाऊ दे’ला मात्र नाही म्हणायचं.

फोनवर हे बोलताना जीभ जड होते, माहीत आहे मला. म्हणून दर ठरल्यावर बोलायचं काम ग्रुपमधल्या सगळ्यात निर्लज्ज माणसाला द्या. वाक्यही साधं: “आमची बिदागी इतकी, निम्मी सुपारी आधी, साउंड चेकला तासभर हवा, आणि आमचा नंबर आठला म्हणजे आठला.” शेवटचं विसरू नकोस. मोकळ्या मैदानात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, सूट ठरावीक दिवसांपुरतीच मिळते. दीड तास भाषणं रेंगाळली की पावणेदहाला तुम्हाला “दोनच गाणी घ्या” सांगतात, हे तुमच्या बाबतीत झालं नसेल तर मला नवल वाटेल.

कुजबुज होणार. “पैसे मागायला लागले” म्हणतील. कुणीतरी अण्णाभाऊंचं नाव काढेलच. काढू दे. अण्णाभाऊ गिरणीत राबले, वर्षानुवर्षं घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहिले आणि १९६९ मध्ये गेले ते हलाखीत. वामनदादा कर्डकांची गाणी अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी आहेत, त्यांचंही आयुष्य ओढगस्तीतच गेलं. ही आपली लाज आहे. ती पुढे करून तुझी बिदागी बुडवायची हा कुठला न्याय? हे तू ऐकवू नकोस, वाद वाढेल. तू फक्त आकडा सांगून गप्प राहा.

वर्षातून एक-दोनदा स्वतःचा तिकिटाचा कार्यक्रमही करा. युनियनच्या ऑफिसचा वरचा मजला, ग्रंथालयाचं सभागृह, शाळेचा हॉल, जे मिळेल ते. शंभर रुपये तिकीट, वस्तीतल्यांना दारात पेटी, घाला काय घालायचं ते. साठ माणसं आली तरी पुरे. मुंबईत स्वतंत्र गाणाऱ्यांना मोजके क्लब सोडले तर जागाच नाही, आणि त्या क्लबांत कोल्डड्रिंकच्या किमतीतच तुमचा अर्धा श्रोता गळतो.

पोलिसांचं तू विचारलं नाहीस, तरी थोडक्यात. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात राजकीय रॅपवरून दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले होते. पुण्यातल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांनी वर्षानुवर्षं तुरुंग भोगलाय. तुम्ही त्या टोकाला आहात असं नाही, पण पाडकामाच्या गाण्यात बिल्डरचं किंवा एखाद्या अधिकाऱ्याचं नाव घेतलं असेल तर त्या ओळीमागचा कागद जवळ ठेवा, नोटीस, फोटो, आरटीआयचं उत्तर, जे असेल ते. बदनामीची फिर्याद पैसेवाल्याला परवडते, तुम्हाला तारखा परवडणार नाहीत. चौकशीचा फोन आला तर लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाईला पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, त्यांनी घरी यायचं असतं. फोन ताब्यात घेतला तर पंचनाम्याशिवाय देऊ नका. एका वकिलाचा नंबर चौघांच्या पाठ असू दे.

आईबद्दल. तिच्या लेखी ढोलकी म्हणजे रात्री अकराला थकून येणारी मुलगी आणि हातात शाल. शाली किती झाल्या घरात? पुढची बिदागी घरी नेऊन तिच्या हातात दे. लग्नाचा विषय बंद होणार नाही, पण ढोलकी त्यातून सुटी होईल. नोकरी मात्र सोडू नकोस, निदान एवढ्यात. पगार आहे म्हणूनच तुम्हाला बिल्डरला नाही म्हणता येतंय.

गिटारवाल्याला थोडं समजून घे. ‘विकले गेलो’ म्हणणारा माणूस ग्रुपमध्ये असावा, फक्त दर वेळी राजीनामा पुढे करू नये. त्याला वस्तीत सोबत ने.

राहिला रॅपर, आणि इथे मला खरी काळजी वाटते. बिल्डरची तेवढी वाटत नाही.

गाण्याचे शब्द ज्याने लिहिले त्याचे, चाल ज्याने बांधली त्याची, आणि रेकॉर्डिंग ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन करवून घेतलं त्याचं, अशी कायद्याची ढोबळ वाटणी आहे. ठेका वाजवणारीचा हक्क सादरीकरणापुरता मानला जातो. आता तुमचं गाणं आठव. पाडकामाच्या गाण्यातला तो थांबा, जिथे सगळं बंद होऊन फक्त ढोलकी राहते, तो कुणी बसवला? तू बसवला असशील तर आज तसं कुठेही लिहिलेलं नाही. डिस्ट्रिब्युटरच्या (गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या कंपनीच्या) खात्यावर त्याचं नाव, यूट्यूब चॅनल त्याचा, बँक खातं त्याचं. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. चार वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून त्याने केलं. पण उद्या लेबल, म्हणजे म्युझिक कंपनी, आलं आणि त्याने एकट्याने सही केली तर तुम्ही तिघं पाहुणे.

एक पानाचा मराठीत करार करा. प्रत्येक गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती. हिशोबाला तराजू लागत असेल तर सोपं करा, सगळ्याचे चार समान भाग. एखादा ग्रुप सोडून गेला तर त्याच्या जुन्या गाण्यांचा वाटा चालू राहील की नाही. कुठलंही गाणं जाहिरातीला, सिनेमाला, पक्षाच्या प्रचाराला द्यायचं तर चौघांची लेखी संमती. खाली सह्या. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. हेही माहीत असू दे, कारण लेबलवाले ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं छापूनच आणतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही, तशी सही घेतली तरी ती टिकत नाही. जो लिहितो आणि जी चाल बांधते, दोघांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासद व्हा. पैसे फार येतील असं नाही, पण तुमचं नाव गाण्यापुढे नोंदलेलं राहील.

आणि फेस्टिव्हलचे किंवा कुणाचेही पैसे एकाच्या खात्यावर घेऊ नका. त्याच्या पॅनवर टीडीएस कापला जाणार, ते त्याचं उत्पन्न दिसणार, मग वाटपाच्या वेळी “टॅक्समध्ये गेले” हे ऐकायला मिळणार. चौघांची चार बिलं द्या, नाहीतर ग्रुपच्या नावाने भागीदारी करून खातं उघडा.

आयोजकाला आज रात्रीच ईमेल टाका, चौघांच्या नावाने, चौघांना सीसी: गाण्यांची यादी आम्ही ठरवू, पाडकामाचं गाणं त्यात असेल, कळवा. आता एकट्याशी फोनवर बोलणं बंद, हेही त्यातच लिहा. आणि ईमेल टाकायच्या आधी रॅपरला चहाला ने आणि डिस्ट्रिब्युटरच्या अकाउंटचा पासवर्ड माग.